मागची सीट

अंगणात गाडी उभी करून यांनी मागच्या सीटखाली नवा वूफर बसवला, बॅटरीपासून वायर ओढली आणि गाणं लावलं. सीटवर उभी असलेली आमची संबोधी आधी दचकली, मग ठेक्यावर टाळ्या पिटू लागली. जन्मल्यापासून तिने आवाजाकडे कधी मान वळवली नव्हती.

यांनी लगेच गावी, बोरी अरबला फोन लावला. "आई, तुही नात ऐकून राह्यली वो! आता कानाचं ऑपरेशन कायले पाहिजे? नागपूरच्या डॉक्टरले नाही म्हणून सांगतो!"

तिकडे सासूबाई रडायला लागल्या, इकडे हे.

पापा घ्यायला मी लेकीला उचलून कडेवर घेतलं. गाणं तेवढ्याच जोरात चालू होतं. तिच्या टाळ्या थांबल्या. पाय ताणून ती पुन्हा सीट शोधू लागली.