परातीतलं मुसळ

शालनताईंनी पितळी परातीत पाणी ओतलं, मधोमध मुसळ ठेवलं आणि हळूच हात काढून घेतला. मुसळ उभं राहिलं.

"बघ," त्या मुलाला म्हणाल्या. "आज सूर्यग्रहण आहे. मनालीने विळीला, सुरीला हात लावायचा नाही."

प्रमोद मटणाच्या पिशव्या घेऊन दारातच थांबला. दिव्यांची अवस, म्हणजे गटारी. उद्यापासून श्रावण. अंबरनाथच्या कंपनीतले दहाबारा मित्र संध्याकाळी मांजर्लीला घरी जेवायला यायचे होते. बायकोच्या हातचे वडे खायला घालतो, असं तो आठवडाभर सांगत सुटला होता. मनालीला आठवा महिना होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. जास्त वेळ उभं राहू नका, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण नवऱ्याचा उत्साह मोडवेना, म्हणून ती मुकाट्याने ओट्याशी उभी होती.

"अगं आई, हे ग्रहण तिकडे स्पेनला दिसणार. आपल्याकडे तेव्हा रात्र. सूर्यच नाही तर ग्रहण कसलं?" प्रमोदने मोबाइल पुढे केला.

"आज आहे की नाही, तेवढं सांग."

"आहे, पण..."

"झालं तर मग." शालनताईंचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "तू मोबाइल बघ. मी बाळाचं बघते."

प्रमोदने मुसळाकडे पाहिलं. मग मनालीच्या पोटाकडे. मोबाइल खिशात गेला.

मनालीला आतल्या खोलीत पलंगावर निजवलं. पायांखाली दोन उशा. चिरायचं नाही, शिवायचं नाही, हाक मारली तरी उठायचं नाही. तिला रागच आला. आजच्या काळात कोण मानतं हे? सासूबाईंना उलटून बोलावंसं मात्र वाटेना. विचार करता करता तिचा डोळा लागला.

उठली तेव्हा स्वयंपाकघरात गलका चालला होता. मित्र लवकर येऊन वडे थापत होते. प्रमोद कांदे चिरत होता आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

"वहिनी, झोपा तुम्ही!" कुणीतरी ओरडलं. "नवरा रडतोय, पण तुमच्यासाठी नाही!"

"आणि मिल्याचा वडा बघा, डायरेक्ट स्पेनचा नकाशा!"

मनालीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी पाठीची कळ थांबली होती. ती देवघराच्या दाराशी आली आणि थबकली.

शालनताईंनी घासलेले दिवे पाटावर मांडले होते. भोवती रांगोळी. पुढे कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य, अजून वाफाळणारा. मागच्या चंद्रग्रहणाला याच बाईंनी दुधात, पाण्यात तुळशीपत्र घातलं होतं, चूल पेटू दिली नव्हती, देवांना शिवल्या नव्हत्या. आज दुधात तुळशीचं पानही नव्हतं.

"आई, ग्रहणाच्या वेधात नैवेद्य?" तिने हळूच विचारलं.

शालनताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि दार लोटलं.

"जिथे दिसत नाही, तिथे वेध नसतात गं. पंचांगात लिहिलेलंच असतं."

"मग प्रमोदला..."

"मी कुठे खोटं बोलले? ग्रहण आहे म्हटलं. आहेच."

"आणि मुसळ?"

"बूड सपाट आहे त्याचं. रोज उभं राहतं." त्यांनी एका दिव्यावर तूप सोडलं आणि तो मनालीच्या हातात ठेवला. "प्रमोद पोटात होता, तेव्हा मामंजी मला भाताच्या लावणीला चला म्हणून हटून बसले. सासूबाईंनी हेच मुसळ परातीत उभं केलं, सूर्यग्रहण आहे म्हणाल्या आणि मला घरात बसवलं."

त्या हसल्या.

"तेव्हा तर अमावास्यासुद्धा नव्हती."