अंगावरील खुणा

प्रयागबाईची म्हैस पकडली गेली ती भरदुपारी, बाजारात, लोक तिला वाचत असताना.

रुपराव गुरुजी आणि प्रयागबाई धापा टाकत कांजीहाऊसात पोचले, तेव्हा मोकाट गुरांच्या त्या आवारात म्हैस निवांत रवंथ करत उभी होती. दोन्ही कुशींवरचा मजकूर शाबूत होता. गुरुजींना हायसं वाटलं. शिपाई तिला धुवायला बादली घेऊन आला होता म्हणे. पण कांजीहाऊसचा नळही कोष्टीपुऱ्यातलाच, म्हणजे कोरडाच, त्यामुळे बादली तशीच पालथी पडली होती.

शाळा सुटली तरी गुरुजींचा खडू सुटला नव्हता. रोज सकाळी चौकातल्या फळ्यावर ते गावाची बातमी लिहीत. सोमवारी नगरपालिकेनं फळा जप्त केला आणि हुकूम काढला: गावातील भिंत, खांब, झाड, दार अथवा फळा यांवर मजकूर लिहिण्यास मनाई. गुरुजींनी हुकूम दोनदा वाचला. त्यात म्हैस नव्हती. आणि प्रयागबाईची म्हैस कुठल्याही फळ्यापेक्षा काळी होती.

उद्या सकाळच्या एसटीनं नागपूरहून पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब येणार होते. तोवर बातमी टिकली, तर कोष्टीपुऱ्याला पाणी. नाही टिकली, तर साहेब अध्यक्षांकडे संत्री खाऊन परत जाणार, हे गुरुजींना पाठ होतं.

कारकून मधुकरराव टेबलाशी छापील फॉर्म घेऊन बसले होते. कधीकाळी गुरुजींच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचे. अजूनही तसेच बसत.

"म्हैस तुमची का बाई? इथं अंगठा करा अन् घेऊन जा. फक्त घरी नेऊन पुसून काढा, असं वरून सांगणं आहे."

प्रयागबाईनं अंगठा शाईत बुडवला.

"अन् मालक नाही सापडला तर?" गुरुजींनी सहज विचारलं.

"तर बेवारस जनावराची नोटीस लावावी लागते गुरुजी. रंग, शिंगं, वय आणि," मधुकररावांनी फॉर्मवर बोट ठेवलं, "अंगावरील खुणा. जशाच्या तशा. नोटीस नगरपालिकेच्या बोर्डावर, काचेच्या आत, कुलपात. आठ दिवस हलत नाही."

"मालक मागाहून आला तरी?"

"तरी. दुसरा मालक उपटला तर?"

गुरुजींनी प्रयागबाईकडे पाहिलं. प्रयागबाईनं शाईचा अंगठा पदराला पुसला.

"माही म्हैस नाही हे," ती म्हणाली.

म्हशीनं तिचा आवाज ऐकला आणि मान लांब करून हंबरडा फोडला.

"बाई, ती तुमच्याकडं पाहून हंबरून राहिली."

"ओळख असन. गावात साऱ्याइची ओळख राह्यते."

"सकाळी तुम्ही तिचं दूध माझ्या घरी घातलं."

"ते दुसरी व्हती. थे गोरी व्हती."

मधुकररावांनी एकदा गोऱ्या म्हशीचा विचार केला. मग चष्मा लावला, फॉर्म पुठ्ठ्यावर ठेवला आणि म्हशीच्या उजव्या बाजूला उभं राहून खुणा उतरवायला लागले.

"कोष्टीपुऱ्याचे नळ सव्वा महिन्यापासून कोरडे," ते पुटपुटत लिहीत होते. "कोष्टीपुऱ्यासाठी आलेला पाइप अध्यक्ष भैयाजींच्या संत्र्याच्या बगीच्यात... गुरुजी, 'बगीच्या'तल्या ग ला पहिली की दुसरी?"

"दुसरी. शाळेतही तू हेच चुकायचास."

"पुढं शेपूट आली."

"उरलेला मजकूर डाव्या कुशीवर."

मधुकरराव म्हशीला वळसा घालून पलीकडे गेले. "खात्री करायची असल्यास चौथ्या ओळीतल्या सातव्या झाडाखाली खणून पाहावे." त्यांनी पूर्णविराम दिला, क्षणभर टाक हवेत धरला. "माझ्याही घरी कालपासून एकच घागर आहे गुरुजी," ते म्हशीला म्हणाल्यासारखं म्हणाले, आणि शिंगांची लांबी मोजायला लागले.

तयार नोटीस त्यांनी सहीच्या गठ्ठ्यात घातली. वर नाही, खाली नाही, दोन रजेच्या अर्जांच्या मधोमध. शिपाई गठ्ठा घेऊन गेला. भैयाजी कूलरपुढं बसून उद्याच्या स्वागताची कमान कुठं लावायची हे सांगत होते. सांगता सांगताच त्यांनी एकामागून एक सह्या ठोकल्या.

चार वाजता नोटीस बोर्डावर लागली. मधुकररावांनी काच बंद केली, कुलूप लावलं, आणि बाजारातले जे लोक दुपारी म्हशीजवळ अर्ध्यावर राहिले होते, ते इथं पुढचं वाचायला जमले. अक्षर मधुकररावांचं, पण वळण गुरुजींचंच होतं. शिक्का नगरपालिकेचा, गोल, जांभळा, कुठंही न फुटलेला.

"सारं आलं का गा गुरुजी?" प्रयागबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

"सारं आलं. झाडाचा नंबरही आला."

"अन् हे खाली बारीक काय छापलं हाये?"

गुरुजी वाकले. ही ओळ त्यांनी लिहिलेली नव्हती. ती प्रत्येक फॉर्मवर आधीपासून छापलेलीच असे. त्यांनी ती वर्गात वाचावी तशी सावकाश, खणखणीत वाचली.

"'वरील खुणा मी समक्ष पाहिल्या. वर्णन खरे आहे.' अन् त्याखाली भैयाजीची सही."

प्रयागबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि ती मधुकररावांकडे वळली.

"तर मंग माहीच म्हैस हाये थे. सोडा तिले, दुधाचा टाइम झाला."