चादरीचं दुसरं टोक

गर्दची नशा सुटताना एखादी बाई थरथरायला लागली, की मावशी तिला तुरुंगाच्या धोबीखान्यात न्यायची. ओल्या चादरीचं एक टोक तिच्या हातात द्यायची, दुसरं स्वतः धरायची. "पीळ गं. हात गुंतले की डोकं गप्प बसतं." तीही कैदीच, तिचीही नशा अशीच सुटलेली, म्हणून बाया ऐकायच्या. नव्या पोरीनं मात्र टोक फेकलं. "तुझं शहाणपण तुझ्यापाशी ठेव!" तेवढ्यात पहाऱ्यावरच्या मॅडम दारात आल्या. "मावशी, घरून फोन होता. तुझा मुलगा गेला. गर्दनंच." मावशी "बरं" म्हणाली आणि नळ बंद करायला वळली. नळ बंदच होता. तरी आवळत राहिली. पोरीनं फरशीवरची चादर उचलली, एक टोक पुढं केलं. "धर, मावशी." दोघी पिळू लागल्या. पाणी निथळायचं थांबलं. मावशीच्या हातांना कळलं नाही. पोरीनंही सांगितलं नाही.