भेळेची पैज

“मॅडम, तुमच्या संस्थेचा अध्यक्ष कोण निवडतं?”

मैत्रिणींनी भेळेची पैज लावली म्हणून ऋजुता भर सभागृहात उभी राहिली. जगभर लोकशाही रुजवणाऱ्या संस्थेतून भाषणाला आलेल्या बाई आधी गडबडल्या, मग खळखळून हसल्या.

“कोणीच नाही गं! संस्थापकांचे चिरंजीवच बावीस वर्षं अध्यक्ष आहेत. आम्ही कधी विचारलंच नाही. सोमवारच्या सभेत मीच विचारते!”

टाळ्या थांबेनात. ऋजुताला मात्र दप्तरातला फॉर्म आठवला. इंजिनिअरिंगच्या क्लासचा तो फॉर्म बाबांनी तिला न विचारताच भरला होता आणि शाळा सुटल्यावर तिने तो क्लासमध्ये द्यायचा होता.

जिंकलेली भेळ खाऊन ती थेट घरी आली.

“दिलास का फॉर्म?” बाबांनी विचारलं.

“नाही दिला. तुम्ही मला विचारलंत कुठे? आई, तूही ऐक, दहावीनंतर मी आर्ट्सला जाणार!”