हातगुण्याची किंमत

"फुकट काही नाही, आजोबा," तराजूबाई म्हणाली. "निदान आमच्या गेममध्ये तरी नाही."

समोर बसलेल्या म्हाताऱ्या चित्रकाराची नजर स्क्रीनवर होती. पन्नास वर्षं ज्याची चित्रकथा त्याने एकट्याने काढली, तो हातगुण्या तिथे उभा होता. नुसता डोक्यावर हात ठेवला की माणूस ठणठणीत. चित्रकथेत ते खपून जायचं. मारामारीच्या गेममध्ये असा गडी उतरला की समोरच्याने सरळ घरी जाऊन झोपावं, दुसरं काय करणार!

म्हणून तर तराजूबाई होती. नाव ऑफिसने ठेवलेलं. कॉमिकमधले वीर गेममध्ये आणताना त्यांच्या शक्तीला कात्री लावायची आणि लढत बरोबरीची करायची, हे तिचं काम. उडणाऱ्याला तिने दर चार सेकंदांनी जमिनीवर आणलं होतं. वज्रदेही वीराला चक्क गुडघेदुखी दिली होती. त्याचे चाहते आठवडाभर बोटं मोडत होते.

या महिन्यात मात्र तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. नऊ वर्षांची एकुलती एक लेक सात महिने अंथरुणाला खिळली होती. ताप काही केल्या उतरत नव्हता. डॉक्टरांनीही आता हात टेकले होते. घरी सासूबाई नातीपाशी बसायच्या आणि ही इथे दुसऱ्यांच्या शक्तीची मापं काढायची.

हातगुण्यासाठी तिने नियम लिहिला होता. तीन-तीन जणांच्या संघात तो ज्याला बरं करेल, त्याच्या सर्वांत जवळ उभ्या असलेल्या आपल्याच माणसाची हेल्थ तेवढीच कमी होईल.

चित्रकाराने तो नियम दोनदा वाचला. मग त्याने विचारलं, "हे तुला कसं सुचलं?"

"एकाचं भरलं, तर दुसऱ्या कुणाचं तरी रिकामं व्हायलाच हवं ना?"

"पन्नास वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही," तो म्हणाला. त्याचा हात हनुवटीवरच्या जुन्या व्रणाकडे गेला.

त्यानंतर त्याने बारीकसारीक प्रश्न विचारून तिला भंडावून सोडलं. जवळ म्हणजे किती जवळ? दोघं सारख्याच अंतरावर असले तर? तिने सांगितलं, सारखं कधी नसतं, बोटभर तरी फरक असतोच. जो बोटभर जवळ, त्याचं जाणार.

"आणि कुणी जाणूनबुजून जवळ गेलं तर?"

"तरी त्याचंच जाणार. मशीनला मनातलं काय कळतंय?"

उठताना त्याने टेबलावरचा लेकीचा फोटो हातात घेतला. काय झालंय, केव्हापासून, घर कुठे, सगळं विचारून घेतलं. फोटो त्याने फार वेळ न्याहाळला. तिला ते आवडलं नाही, पण वडीलधाऱ्याला काय बोलणार? संमतीपत्रावर उद्या सही करतो म्हणाला आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी धाप न लागता चार जिने उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. हातगुण्याच्या हाताची ढब नीट बसवायची म्हणून तराजूबाईने जुने अंक काढले. एका अंकात हातगुण्या खोकून बेजार झालेल्या एका तरुणाला बरं करत होता. त्या तरुणाच्या हनुवटीवर व्रण होता. तिने पानं भराभर उलटली. वीस वर्षांनंतरच्या अंकात छाती धरून पडलेला मध्यमवयीन माणूस, तोच व्रण. आणखी पुढे पलंगावरचा म्हातारा, पुन्हा तोच व्रण.

तिन्ही वेळा पुढच्याच अंकाच्या पहिल्या पानावर श्रद्धांजलीची काळी चौकट होती. पहिलीत चित्रकाराचा थोरला भाऊ. दुसरीत पत्नी. तिसरीत मुलगा.

तराजूबाईने तिन्ही अंक शेजारी शेजारी मांडले. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या. सांगत होत्या, ऑफिसातले चित्रकार आजोबा आलेत, नातीचं चित्र काढतायत. "अगदी पलंगाला खेटून बसलेत गं. मायाळू आहेत. मला म्हणाले, तुम्ही बाहेरच थांबा, आत फिरकू नका."

ती उठली ती धावतच सुटली. जिन्यात चप्पल तुटली, तिने ती तिथेच टाकली. म्हातारा दरवेळी चित्रात स्वतःला बरं करून आपल्या सगळ्या माणसांना खाऊन बसलाय, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत होतं. आता घरचं कुणी उरलं नाही, म्हणून माझी पोर. आणि त्याला मापं शिकवली कुणी? मीच.

घरी पोचल्यावर तिने सासूबाईंना बाजूला सारलं आणि आतलं दार ढकललं. चित्रकार खुर्ची पलंगाला टेकवून बसला होता. मांडीवर वही, हातात पेन्सिल. त्याने मान वर केली, काहीतरी सांगायला हात उचलला.

तिने ऐकून घेतलं नाही. खुर्ची पाठीकडून धरून म्हाताऱ्यासकट मागे ओढली, भिंतीपर्यंत. मग पलंगावर चढून लेकीला उराशी घट्ट धरलं. बोटभरसुद्धा अंतर ठेवलं नाही.

"आई," लेक म्हणाली, "मला भूक लागलीय."

सात महिन्यांत पहिल्यांदाच. तराजूबाईने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तिला रडू आलं, हसूही आलं, पण दोन्ही मधेच अडकलं. धावल्यामुळे दम लागला असेल, असं तिला वाटलं. दम काही बसेना. बोटं बधिर होत चालली होती.

वही फरशीवर उताणी पडली होती. चित्र पुरं झालं होतं. पलंगावर तिची लेक उठून बसलेली, लेकीच्या डोक्यावर हातगुण्याचा हात. आणि पलंगाला खेटून खुर्चीत एक म्हातारा, हनुवटीवर व्रण असलेला, डोळे मिटून, मान टाकलेला.

चित्रकार भिंतीशी तसाच बसून होता.

"पोरी," तो म्हणाला, "ती जागा मी माझ्यासाठी धरली होती."