एका माणसाचं विमान

पुतळा काही केल्या आत बसेना.

दोघांनी बगलेत हात घालून उचलला, आधी पाय सोडले, मान तिरकी केली, वरून दाबला. पण खांदे कॉकपिटच्या काठावर अडले ते अडलेच. चामडी टोपी, झुबकेदार मिशा, छातीवर बिल्ला. संग्रहालयाने एवढा झकास पुतळा करून घेतला आणि घोडं अडलं ते खांद्यांशी! छतापासून साखळ्या सोडून तयार होत्या. पाहुणे चारला यायचे होते. आणि ते एकाच माणसाने बसायचं, बिनइंजिनाचं, लाकडाचं नि कापडाचं जुनं ग्लायडर दालनाच्या मधोमध पंख पसरून ढिम्म बसलं होतं.

"काठ दोन बोटं तासून घेऊ," सुतार म्हणाला आणि त्याने पिशवीतून कानस काढली. "वर टांगल्यावर कुणाला दिसणार आहे!"

"हात तर लावून बघ!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दाराशी खुर्चीत बसवून ठेवलेली म्हातारी उभी राहिली होती. ज्याचा पुतळा त्याची ही बायको. मुलाने तिला आणलं होतं ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवण्यापुरतं. काठी आपटत ती थेट ग्लायडरपाशी आली.

"आई, तू बस ना," मुलगा कानाशी लागला. "ते बघतील."

"काय बघतील? तुझ्या बाबांना ह्यात कोंबतायत. जिवंतपणी कधी मावले नाहीत ते, आता काय मावणार!"

संग्रहालयाचे प्रमुख समजुतीचं हसले. "काकू, तीन वर्षं स्पर्धा गाजवली त्यांनी ह्याच्यावर. ही बघा पाटी." पितळी पाटीवर लिहिलं होतं, 'रचनाकार आणि वैमानिक', आणि खाली तिच्या नवऱ्याचं नाव.

"रचनाकार म्हणा, शंभरदा म्हणा. ह्यातली काडी न् काडी त्यांच्या डोक्यातून आलीय. पण उडवायचे मी. तेव्हा स्पर्धेत नाव मालकाचं पुकारायचे, शर्यतीत घोड्याच्या मालकाचं पुकारतात ना, तसं. कपही मालकाच्याच हातात द्यायचे."

"पण काकू, तसा काही पुरावा..."

"तुमचा पुतळा बसत नाहीये, तो काय आहे मग?"

सुताराला हसू फुटलं. प्रमुखांनी डोळे वटारले तसा तो खोकला.

"स्वयंपाकघरात खाली पाय पसरून बसवलं होतं मला," म्हातारी म्हणाली, "आणि पेन्सिलीने माझ्याभोवती रेघ मारली ह्यांनी. विमानाचं अंग जितकं बारीक तितकं ते लांब जाईल म्हणायचे. खांद्यांना पट्टी लावली आणि म्हणाले, बस, ह्याच्यापुढे लाकडाला जागा नाही. आता तू जाडी होऊ नकोस म्हणजे मिळवलं! तिसऱ्या वर्षी दुपारनंतर वर उचलणारी ऊन हवा थांबली. बाकीचे पटापट खाली आले. मी एका टेकडीच्या कडेकडेने तरंगत राहिले आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन कुणाच्या तरी कोबीत उतरले. हे गाडीमागे ट्रॉली जोडून शोधत आले. आल्या आल्या आधी पंख चाचपले, मग मला!"

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. "मला कधी बोलली नाहीस."

"कपाटातले कप बघून 'माझ्या बाबांचे' म्हणत नाचायचास. म्हटलं, नाचू दे, घरातच आहेत. नावाचं मला काही नव्हतं रे. पण आता हे लाकूड तासायला निघालेत. माझं माप पुसायला निघालेत. हे मी चालू द्यायची नाही."

प्रमुखांनी घड्याळ पाहिलं. "काकू, आजचं पार पडू दे. उद्या समिती बसवू, सगळं ऐकून घेऊ." आणि त्यांनी सुताराला खुणावलं.

म्हातारीने काठी टाकली आणि पाय उचलून काठावरून आत टाकला.

"आई! अगं, गुडघे!"

"गुडघे राहू देत. खांदा दे जरा."

त्याने खांदा दिला. दोन्ही काठांवर तळवे टेकून, कण्हत, दात-ओठ खात ती खाली सरकली. पुतळा जिथे अडला होता तिथून तिचे खांदे अलगद उतरले. वयाने ती सुकली होती; दोन्हीकडे बोटबोटभर जागाच उरली. तिचा उजवा हात दांड्यावर गेला, आणि तिकडे लांब, शेपटीवरची पट्टी हलली. सुताराने दचकून कानस मागे घेतली.

बाहेर गाड्यांची दारं वाजली. प्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं.

"उतरा हो काकू, हात जोडतो. नवी पाटी करायला निदान दोन दिवस लागतात. आज भाषणात तुमचं नाव घेतो, मग तर झालं?"

"तोंडी नको. तोंडी पुष्कळ झालं."

मुलाने पुतळा बगलेत मारून भिंतीशी नेऊन उभा केला. मग सुताराच्या पिशवीतून पेचकस घेतला आणि पाटीचे स्क्रू काढायला बसला.

"अहो, हे काय करताय?" प्रमुख ओरडले.

"उलट्या बाजूला लिहू तोवर," तो मान वर न करता म्हणाला. "खडू आहे का कुणाकडे?"

साखळ्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाला काही कळेना. त्याने प्रमुखांकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, शेवटी आत बसलेल्या बाईकडे पाहिलं.

"उचला," ती म्हणाली. "कोण काय लिहितंय ते वरून चांगलं दिसतं."