हाताचं विमान

"चार," मंदा पुटपुटली. "पाच. सहा."

सहाला विमान टोकाला पाहिजे होतं. पण गोराईजवळच्या पालीच्या समुद्रावर ते पिवळं, दुहेरी पंखांचं विमान अजून नाक वर करून चढतच होतं, तिसऱ्या मजल्यावर दम लागलेल्या माणसासारखं. इंजिनाचा आवाज बारीक झाला. मंदाच्या मुठीतला कसरतींच्या क्रमाचा कागद घामाने मऊ पडला होता.

तसा तो तिला पाठ होता. गेले दोन महिने सिल्व्हर पार्कच्या गच्चीवर तिचा नवरा यतीन, आत्ता त्या विमानात बसलेला, रोज संध्याकाळी हेच उड्डाण पायी करत होता. हात म्हणजे विमान. हात पुढे धरायचा, डोळे अर्धवट मिटायचे आणि पाण्याच्या टाक्यांमधून चालायचं. मंदा स्टुलावर बसून आकडे म्हणायची. हात वर जायचा, टोकाला तळवा आभाळाकडे उलटायचा, मग गोल फिरून खाली यायचा. वाळलेले कपडे काढायला आलेल्या बायका पहिले चार दिवस हसल्या. नंतर त्याला वाट द्यायला लागल्या.

"आणि टोकाला उंची कमी पडली तर?" तिने एकदा विचारलं होतं.

"तर सोडून द्यायची." उलटा तळवा त्याने तिथल्या तिथे सुलटा केला आणि हात सपाट धरून जिन्याकडे निघाला. "ही अशी. सरळ घरी. कोलांटी काय, कोणीही मारेल. सोडता आली पाहिजे."

"मग परत मारायची?"

"नाही. त्या दिवशी सोडली म्हणजे सोडली. ऐंशी वर्षांचं विमान आहे ते. त्याला दुसऱ्यांदा आग्रह करायचा नसतो."

"सात. आठ." विमान टोकाला पोचलं, उलटं झालं, क्षणभर तिथेच लटकलं. मग कुशीवर वळल्यासारखं हळूच सुलटं झालं आणि पाण्याला समांतर, सपाट, गोराईच्या दिशेने निघून गेलं.

मंदाने श्वास सोडला. एवढा मोठा, की शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतल्या सासूबाईंनी मान वळवून बघितलं.

कॅच सुटल्यावर निघतो तसा सूर, कसरती बघायला जमलेल्या लोकांतून, किनाराभर निघाला. "फुस्स!" कोणीतरी म्हणालं. मागे मोबाइल उंच धरून उभा असलेला माणूस बायकोला म्हणाला, "इंजन ही खटारा है, क्या करेगा बेचारा!"

आत्ता झालं तेच अवघड होतं, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या मंदाला ठाऊक होतं. तिने टाळी वाजवली. दोनदाच, हळू. उगाच कोणी वळून बघायला नको.

"झाला?" सासूबाईंनी, सरूबाईंनी विचारलं. मुलाला उडताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या. त्यासाठी पोपटी नऊवारी नेसल्या होत्या, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा. "मना कुठं दिसला? ऊन डोल्यांवर आला. कोलांटी मारली का न्हाय त्यानं?"

"नाही मारली, आई. आता येतील खाली."

"असा कसा? सकालपासून बसलेय मी इथं." सरूबाई उठल्या. काठी आभाळाकडे केली आणि शेतातल्या पोराला जेवायला बोलवावं तशी हाक दिली, "एऽ यतीन! परत कर रे! मना दिसला न्हाय!"

लोक हसले. टाळ्या पडल्या. माइकवरच्या निवेदकाला तेवढंच हवं होतं. "आजींची फर्माईश आलीय, मंडळी! वन्स मोर!" सगळा किनारा वन्स मोर ओरडायला लागला.

"त्यांना ऐकू जात नाही," मंदा म्हणाली. सासूबाईंना की स्वतःला, तिलाच कळलं नाही. "वर काहीच ऐकू जात नाही."

गोराईच्या बाजूला पिवळा ठिपका लहान लहान होत चालला होता. मग लहान होईनासा झाला. मग मोठा व्हायला लागला.

"ऐकला बघ माझा," सरूबाई समाधानाने खुर्चीत टेकल्या.

मंदाने पर्समधून फोन काढला आणि यतीनचा नंबर लावला. पर्समध्येच दुसरा फोन थरथरायला लागला. सकाळी त्यानेच दिला होता तिच्याकडे, सांभाळ म्हणून.

तिने कागद उलगडला. शेवटची ओळ होती, 'सपाट, घरी.' त्याखाली काही नव्हतं. मागे उलटून पाहिलं. मागे तिच्याच अक्षरात किराणा होता.

विमानाने वेग घ्यायला नाक खाली घातलं. गच्चीवर इथे तो दोन पावलं पळायचा. आता मंदाने मोजलं नाही. उजवा हात वर केला, बोटं जुळवली, तळवा खाली केला आणि जाईल तितका उंच, गच्चीवर त्याने धरला होता तसा सपाट धरला.

"आंटी, हाथ नीचे करो ना," मागचा मोबाइलवाला म्हणाला. "कुछ दिख नहीं रहा."

सरूबाईंनी तिचं कोपर ओढलं. "मंदा, हात घे गो खाली. आता दिसेल मना."

विमान वर निघालं. मंदाने हात खाली घेतला नाही, सपाटच ठेवला.